पडदा घरचा, आवाज दोन पेट्यांचा

अलीकडे कोणाच्याही घरी जा, एक तक्रार हमखास कानावर येते. टी. व्ही. नवा आहे, चित्र आरशासारखे स्वच्छ आहे, पण पात्रे काय बोलतात ते कळत नाही. आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीत अंगावर येते आणि शेजारी भिंत ठोठावतो. कमी करावा तर बोलणे म्हणजे नुसते पुटपुटणे. मराठी माणसे मराठी चित्रपट पाहताना खाली उमटणारी इंग्रजी अक्षरे वाचीत बसलेली आम्ही पाहिली आहेत. त्याच घरात कपाटावर, बहुधा जुन्या साडीच्या तुकड्याखाली, एक अँप्लिफायर आणि दोन भरभक्कम स्पीकर-पेट्या धूळ खात असतात. कोणे एके काळी हप्त्याने घेतलेल्या. त्यांवर भीमसेन ऐकले, कुमार ऐकले, नाट्यपदे ऐकली. त्या पेट्यांचा टी. व्ही.शी काही संबंध असू शकतो, हे घरात कोणाच्या ध्यानीच येत नाही. तो संबंध कसा जोडावा, एवढाच आजचा विषय आहे.

आधी दुखणे कोठे आहे ते पाहू. टी. व्ही. पूर्वी पेटाऱ्यासारखा होता. मुंबईत दूरचित्रवाणी २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाली. त्या काळच्या लाकडी पेटाऱ्यात चित्रनळीच्या बाजूला, समोर तोंड करून, बऱ्यापैकी आकाराचा स्पीकर बसत असे. आज टी. व्ही. पाटीसारखा पातळ झाला आहे. त्याच्या कडेला जागाच नाही. म्हणून स्पीकर बारीक झाले आणि त्यांचे तोंड खाली किंवा मागे भिंतीकडे गेले. आता आवाजाचा एक स्वभाव असा, की जाड, खर्जाचा आवाज अडथळ्याला वळसा घालून येतो. बारीक, उंच आवाज मात्र कंदिलाच्या झोतासारखा सरळ जातो. तोंड भिंतीकडे असेल तर तो भिंतीवर आपटतो, पडद्यांत आणि गाद्यांत मुरतो आणि उरलासुरला आपल्यापर्यंत येतो. भाषेतील स्वर हे जाड आवाजाचे आहेत. परंतु स, श, च, ट, त, क, फ ही व्यंजने ओळखू येतात ती त्यांतील बारीक, उंच आवाजामुळे. 'वाट', 'वास', 'वाच' आणि 'वाफ' यांत 'वा' तोच. फरक सारा शेवटच्या अक्षरात. ते अक्षर भिंतीत मुरले की ऐकणाऱ्याला 'वा' तेवढा ऐकू येतो आणि पुढचे त्याने तर्काने भरावयाचे.

आता ज्याच्या कानांनी आधीच मार खाल्ला आहे, त्याची गोष्ट घ्या. आमचा उभा जन्म विणकर आणि यंत्रमाग कामगार यांच्यात गेला. लूमखात्यातील आवाज नव्वद डेसिबलच्या पलीकडे सहज जातो. तेथे वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाचा कान सर्वप्रथम कोठे दुबळा होतो? सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास. म्हणजे नेमका व्यंजनांच्या मुलखात. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत हा बहिरेपणा पुढे समाविष्ट झाला खरा. पण कागदावर नोंदलेला रोग आणि घरात भोगलेला रोग यांत अंतर असते. असा माणूस 'मला ऐकू येत नाही' असे म्हणत नाही. तो म्हणतो, 'ऐकू येते रे, पण कळत नाही.' घरातील मंडळी आवाज वाढवितात. वाढतो तो 'वा'. 'ट' आणि 'स' होते तेथेच राहतात. चिडचिड होते, आणि काही दिवसांनी म्हातारा टी. व्ही.समोर बसावयाचेच सोडून देतो, गॅलरीत जाऊन बसतो. घरात भरलेले माणूस असे एकटे पडते. टी. व्ही.च्या यंत्राने व्यंजने गिळली आणि मागाच्या यंत्राने ती ऐकणारा कान गिळला, अशी ही दुहेरी वजाबाकी आहे. कानाची वजाबाकी भरून निघणे कठीण. त्यासाठी डॉक्टर आणि श्रवणयंत्र. दुसरी मात्र आपण संध्याकाळभराच्या खटपटीत पुसून टाकू शकतो.

दुकानदाराचा उपाय ठरलेला आहे: पाच पेट्या, शिवाय खर्जासाठी सहावी. दोन समोर, एक मध्ये, दोन पाठीमागे. हे उपाय खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्याकडे स्वतंत्र खोली आहे आणि तारा भिंतीतून नेण्याची मुभा आहे, त्याने ते जरूर करावे. पण गिरणगावातील बी. डी. डी. चाळीची खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या चाळकऱ्यांपैकी काहींना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या घरांतही बैठकीच्या खोलीत पाठीमागे पेटी ठेवू म्हटले तर तेथे देव्हारा किंवा शिवणयंत्र उभे असते. अशा घरात स्वस्तातल्या सहा पेट्यांपेक्षा चांगल्या दोन पेट्या अधिक खरे बोलतात. तेवढेच पैसे सहा ठिकाणी वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला काय येते, हे बोनसच्या वाटपाचा हिशेब ज्यांनी केला आहे त्यांना वेगळे सांगावयास नको.

काही संगीतप्रेमी मंडळी नाक मुरडतात. त्यांच्या मते स्टीरिओ यंत्र गाण्यासाठी; त्यात चित्रपटाचा गोंगाट शिरविणे म्हणजे देवघरात चपला. त्यांना आम्ही स्टीरिओच्या जन्माची कथा सांगतो. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात आर्देशिर इराणींचा 'आलम आरा' लागला आणि हिंदुस्थानातील पडदा बोलू लागला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन नावाचा अठ्ठावीस वर्षांचा इंजिनियर बोलपट पाहून अस्वस्थ झाला होता, असे सांगतात. पात्र पडद्याच्या डाव्या टोकाला चालत गेले तरी त्याचा आवाज मधल्या एकाच कर्ण्यातून येत राही. आवाजाने पात्रामागे चालत गेले पाहिजे, या हट्टातून त्याने डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. दोन मायक्रोफोन, दोन वाटा, दोन कर्णे आणि एकाच खाचेत दोन्ही वाटा कोरलेली तबकडी, हे सारे त्यात होते. १९३५ साली त्याने हेज स्टेशनावरून जाणाऱ्या आगगाड्यांची छोटी बोलकी फिल्म काढून आपला विचार सिद्ध करून दाखविला. दुसऱ्या महायुद्धात रडारची चाचणी घेणारे विमान कोसळून तो १९४२ साली गेला. स्टीरिओच्या तबकड्या बाजारात सर्रास येऊ लागल्या त्या १९५८ च्या सुमारास. त्या पाहावयास तो राहिला नव्हता. सांगावयाचे ते इतकेच, की ज्या विद्येला आपण संगीताची म्हणून कवटाळून बसलो, ती पडद्यासाठीच जन्मास आली होती. आज पेट्या टी. व्ही.शी जोडणे म्हणजे लेकीला माहेरी धाडणे होय.

दोन पेट्यांतून मधला आवाज कसा येतो, हे एकदा समजले म्हणजे पुढचे सारे सोपे जाते. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानी आधी आणि किंचित मोठा पोहोचतो. दोन कानांतील हे अंतर जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दोन-तृतीयांश इतके. पण मेंदू तेवढ्यावर दिशा ठरवितो. दोन्ही पेट्यांतून तोच आवाज त्याच क्षणी, तेवढाच मोठा आला तर मेंदूला भास होतो, की बोलणारा नेमका मध्ये उभा आहे. मध्ये तर पेटी नाही. तेथे आहे टी. व्ही.चा पडदा. म्हणजे आपण काही न करता पात्राचे बोलणे त्याच्या तोंडी येऊन बसते. अट एकच: ऐकणारा दोन्ही पेट्यांपासून सारख्या अंतरावर हवा. कडेला बसलेल्याला जवळच्या पेटीचा आवाज आधी पोहोचतो आणि सारी मंडळी त्याच पेटीत शिरल्यासारखी वाटतात. यावर एक जुनी युक्ती आहे. पेट्या सरळ समोर न पाहू देता त्यांची तोंडे आत वळवावीत, इतकी की दोघींच्या नजरा मधल्या बैठकीच्या थोड्या पुढे एकमेकींना छेद देतील. मग डावीकडे बसलेल्याला डावी पेटी जवळची पण तोंड फिरविलेली, आणि उजवी लांबची पण त्याच्याचकडे पाहणारी. दोहोंत समतोल साधतो आणि आवाज पुष्कळसा पडद्यावर टिकतो. घरात पाच माणसे एका रांगेत बसत असतील तर ही युक्ती फार उपयोगी पडते.

येथे एक शंका योग्य आहे. आजचे चित्रपट तर सहा वाटांचे असतात. ते दोन पेट्यांत कसे मावणार? चित्रपटात संवाद बहुधा मधल्या वाटेत ठेवतात, वारा, पाऊस, गर्दी हे पाठीमागच्या वाटांत आणि स्फोटांचा खर्ज स्वतंत्र वाटेत. दोन वाटा करावयाच्या झाल्या म्हणजे यंत्र मधली वाट थोडी खाली घेऊन डावी-उजवीत सारखी वाटते. मागच्या वाटा आपापल्या बाजूस मिसळते. खर्जाची वाट पुष्कळदा सोडूनच देते. हे गणित आंतरराष्ट्रीय शिफारशीने ठरलेले आहे आणि ते नीट झाले तर संवादाचे काही बिघडत नाही. मात्र ते कोणी करावयाचे हे आपण ठरवून द्यावे लागते. सेटटॉप बॉक्स किंवा डिस्क-प्लेअर सहा वाटा पाठवीत राहिला आणि पुढच्या यंत्राने त्यांतील डावी-उजवी तेवढ्याच उचलल्या, तर मधली वाट, म्हणजे सगळे संवाद, रस्त्यातच हरवतात. संगीत दणदणीत आणि माणसे मुकी, असा प्रकार दिसला की पेट्यांना दोष देऊ नये. बॉक्सच्या आणि टी. व्ही.च्या आवाजाच्या यादीत जावे आणि तेथे 'स्टीरिओ' किंवा 'पीसीएम' हा पर्याय निवडावा. 'ऑटो', 'डॉल्बी', 'बिटस्ट्रीम' हे पर्याय सहा पेट्यांच्या घरासाठी आहेत.

आता तारा. प्रत्येक यंत्र, म्हणजे सेटटॉप बॉक्स, डिस्क-प्लेअर, मुलांचा खेळाचा खोका, हे वेगवेगळे अँप्लिफायरला जोडावे की सगळे टी. व्ही.त नेऊन तेथून एकच वाट बाहेर काढावी? आमचे मत दुसऱ्या रीतीला आहे. चित्रासाठी त्या साऱ्यांना टी. व्ही.कडे जावेच लागते, आवाजही त्याच तारेतून जातो, मग टी. व्ही.लाच जंक्शन करावे. टी. व्ही.मधील स्वतःची चित्रपटांची ॲप्सही मग त्याच वाटेने बोलतात. शिवाय घरातल्या आजीला कोणता खटका कोणासाठी हे पाठ करावे लागत नाही. अपवाद गाण्याच्या तबकडीचा: सीडी-प्लेअर पूर्वीप्रमाणे थेट अँप्लिफायरला राहू द्यावा, म्हणजे गाणे ऐकण्यासाठी पडदा पेटवावा लागत नाही.

टी. व्ही.तून आवाज बाहेर काढण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली, हेडफोनचे भोक. त्यात बसणारी बारीक पिन एका टोकाला आणि लाल-पांढऱ्या दोन पिना दुसऱ्या टोकाला, अशी तार कोणत्याही विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. अँप्लिफायर कितीही जुना असो, ही वाट चालते. टी. व्ही.चा आवाज बराच वर ठेवावा आणि खरे कमी-जास्त अँप्लिफायरवर करावे. पुष्कळ नव्या टी. व्ही.ना हे भोकच उरलेले नाही. दुसरी वाट प्रकाशाची. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये काढलेली ही तार विजेऐवजी तांबड्या प्रकाशाच्या लुकलुकीतून आकडे पाठविते. टोकावरची टोपी काढावी, ती काढावयाची राहिली म्हणून 'तार खराब' असे ठरविणारे पुष्कळ भेटतात. तार काटकोनात मोडू नये. जुन्या अँप्लिफायरला प्रकाश समजत नाही. मध्ये एक लहानशी डबी लागते, जी आकड्यांचा पुन्हा वीजप्रवाह करते. तिला 'डॅक' म्हणतात. या डब्यांना बहुतेक करून दोन वाटांचे साधे आकडेच कळतात. म्हणून वर सांगितलेला 'पीसीएम' येथे अत्यावश्यक, नाहीतर शांतता किंवा नुसती खरखर. आणि या वाटेने गेल्यास टी. व्ही.च्या रिमोटने बहुधा आवाज कमी-जास्त होत नाही. अँप्लिफायरचा रिमोट, किंवा उठून जाऊन त्याची गोल कळ.

तिसरी वाट एचडीएमआयची. ही तार मुळात चित्र आणि आवाज टी. व्ही.कडे नेण्यासाठी, पण २००९ पासून तिच्यात उलट वाट आली, ज्यातून टी. व्ही.चा आवाज त्याच तारेने परत बाहेर येतो. टी. व्ही.च्या पाठीवर तीन-चार सारखी भोके असली तरी 'एआरसी' अशी अक्षरे एकाच भोकावर असतात, तेच धरावे. ही सोय असलेले दोन वाटांचे अँप्लिफायर आता मिळतात. ज्याला नवा अँप्लिफायर घेणे आहेच, त्याने हे भोक पाहूनच घ्यावे, कारण मग टी. व्ही.च्या रिमोटनेच पेट्यांचा आवाज वाढतो आणि घरात तंटा उरत नाही. बिनतारी ब्लूटूथ ही चौथी वाट आम्ही मोजलेली नाही, त्याचे कारण पुढे येईल.

अँप्लिफायरच्या पाठीवर कोठे जोडावे? 'ऑक्स', 'टेप', 'सीडी' यांपैकी कोठेही. 'फोनो' लिहिलेल्या ठिकाणी मात्र कदापि नाही. तबकडीच्या सुईतून येणारा प्रवाह व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजतात. सीडी-प्लेअर किंवा डॅक दोन व्होल्टपर्यंत देतो. फोनोची वाट त्या दुबळ्या प्रवाहाला शंभरपट फुगविण्यासाठी बांधलेली असते. तेथे टी. व्ही. जोडला की फाटका, किंचाळणारा आवाज येतो आणि पेट्यांच्या जिवावर बेतू शकते. ज्यांच्याकडे सहा वाटांचा रिसीव्हर आधीच आहे आणि गाण्याचा अँप्लिफायरही ठेवावयाचा आहे, त्यांनी रिसीव्हरच्या डाव्या-उजव्या 'प्री-आउट'मधून अँप्लिफायरच्या 'बायपास' वाटेत यावे. तेथे अँप्लिफायरची कळ बाजूस राहते आणि आवाजाचा ताबा रिसीव्हरकडे जातो. मधली पेटी नसेल तर रिसीव्हरला तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे तो संवाद दोहोंत वाटून देतो.

आता वेळेचा प्रश्न, आणि आमच्या मते या साऱ्या जोडाजोडीत सर्वात दुर्लक्षित हाच. निसर्गात उजेड आधी आणि आवाज मागून. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो. नदीच्या पलीकडच्या काठावर धोबी कपडे आपटतो तेव्हा हात खाली आलेला दिसतो, धप्प मागून येते. गिरणीचा भोंगा दुरून पाहणाऱ्यांना आधी वाफ दिसे, मग आवाज येई. म्हणून आवाज किंचित मागे राहिला तर मेंदू सोडून देतो. पण आवाज पुढे धावला तर लगेच खटकते, कारण असे जगात कधी घडत नाही. युरोपातील प्रक्षेपण संस्थांच्या संघाने ठरविलेली मर्यादा पाहा: आवाज पुढे असेल तर ४० मिलिसेकंद, मागे असेल तर ६०. चित्रपटाच्या पट्टीवर सेकंदाला चोवीस चौकटी धावतात. म्हणजे पुढे धावण्यास जेमतेम एका चौकटीची मुभा. थिएटरवाले हे जाणून होते; ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर ध्वनीची रेघ तिच्या चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापत, कारण दिव्यासमोर पट्टी झटके देत चालते आणि ध्वनीच्या डोळ्यासमोर तिने संथ वाहावे लागते. दोहोंत अंतर ठेवून हिशेब आधीच जुळविलेला.

घरात हा हिशेब बिघडतो तो टी. व्ही.मुळे. नवा टी. व्ही. प्रत्येक चौकट दाखविण्यापूर्वी तिच्यावर कारागिरी करतो आणि त्यात चित्र मागे पडते. स्वतःच्या स्पीकरचा आवाज तो तेवढाच रोखून धरतो. पण प्लेअरचा आवाज आपण परस्पर अँप्लिफायरला नेला, तर तो थांबणार कशाला? टी. व्ही.ला जंक्शन करावे असे वर म्हटले त्याचे हे दुसरे कारण. तरीही फरक राहिला तर टी. व्ही.च्या यादीत 'ऑडिओ डिले' नावाची कळ असते. पारख कशी करावी? बातम्या देणाऱ्याचे ओठ पाहावेत. प, ब, म हे वर्ण ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. ओठ मिटण्याआधीच 'मुंबई'तला 'मुं' ऐकू आला तर आवाज पुढे आहे. तबल्याच्या थापेवर तर हे आणखी लवकर समजते. ब्लूटूथचा दोष याच्या उलट: तेथे आवाजाची घडी घालून पाठवावयाची, पलीकडे उलगडावयाची, यात सेकंदाचा दहावा भाग आणि पुष्कळदा त्याहून अधिक जातो. गाण्याला चालेल, संवादाला नाही.

पेट्या कोठे ठेवाव्यात? दहा फूट रुंद खोली धरू. ४३ इंची टी. व्ही.ची रुंदी तीन फुटांहून थोडी अधिक भरते. दोन पेट्यांत सहा फूट अंतर ठेवले तर पडद्याच्या दोन्ही अंगांस फूट-सव्वा फूट मोकळे राहते. बैठक पेट्यांपासून सहा-सात फुटांवर असली की त्रिकोण साधला. बारीक आवाजाचा छोटा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीवर, साधारण तीन फुटांवर, यावा. पेटी जमिनीवर ठेवली तर व्यंजने गुडघ्यांना ऐकू येतात. पेटीचे तोंड पडद्याच्या थोडे पुढे असावे, मागे दडू नये, नाहीतर काचेवर आवाज आदळून परततो. पूर्वी लोहचुंबकाने चित्रनळीचे रंग बिघडत म्हणून पेट्या दूर ठेवाव्या लागत; चित्रनळीबरोबर तो त्रास गेला. पेटी कोपऱ्यात कोंबली तर खर्ज फुगतो आणि पुन्हा तेच, 'वा' मोठा आणि 'ट' गायब. भिंतीपासून वीतभर तरी पुढे घ्यावी.

जुने चित्रपट पाहणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपले बहुतेक जुने मराठी बोलपट एकाच वाटेचे आहेत. दोन्ही पेट्यांतून तेच येते आणि ते मध्येच ऐकू यावयास हवे. त्यांच्या ध्वनिरेघेत फार उंच आवाज नसतोच. वर उरतो तो नुसता सूं-सूं. तेथे 'ट्रेबल'ची कळ थोडी खाली आणावी. उलट, ज्याच्या कानांवर मागांनी घाला घातला आहे त्याच्यासाठी नव्या चित्रपटाला हीच कळ थोडी वर आणि 'बास' खाली करून पाहावा. शुद्धतावादी रागावतील, पण कळ यंत्रावर दिली आहे ती माणसासाठी. आमच्या परिचयातील एका निवृत्त विणकराच्या घरी एवढेच केले: जुन्या पेट्या कपाटावरून खाली, तोंडे आत, पीसीएम, बास दोन खाचा खाली. गृहस्थ नाटकाच्या चित्रफितीत एका विनोदाला इतरांच्या बरोबरीने हसले. त्यापूर्वी ते घरच्यांचे हसणे पाहून मागाहून हसत असत.

रात्री मंडळी निजल्यावर कुजबुज ऐकू यावी आणि स्फोट दबावा यासाठी टी. व्ही.त 'नाइट मोड' किंवा आवाज समतल करण्याचा खटका असतो. तो चित्रपटाला उपकारक आहे. मात्र त्याच टी. व्ही.तून मैफल ऐकताना बंद करावा. विलंबित आलापाची चढण त्यात सपाट होते, आणि गायकाने अर्धा तास जे बांधले ते यंत्र एका मिनिटात पाडून टाकते.

शेवटी एक सूचना, आणि ती आम्ही कारखान्यात जितक्या कडकपणे देतो तितक्याच कडकपणे येथेही देतो. जोडणी झाल्यावर पुष्कळ घरांत पेट्यांतून भुंग्यासारखी गुणगुण सुरू होते. केबलवाल्याची तार एका ठिकाणी जमिनीशी जोडलेली, अँप्लिफायर दुसऱ्या ठिकाणी. दोन अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो आणि तो प्रवाह आपल्या आवाजाच्या तारेतून वाहू लागतो. केबलची तार टी. व्ही.तून काढताच गुणगुण थांबली तर निदान पक्के झाले. कोणी अर्धवट मिस्त्री सांगतो, अँप्लिफायरच्या प्लगची तिसरी जाड पिन काढून टाका. गुणगुण थांबते हे खरे. पण ती पिन जिवाची राखण करणारी आहे. आत तार सुटून पत्र्याला लागली तर पहिला धक्का पेटी पुसणाऱ्या बाईला बसतो. ती पिन काढू नये, कोणी काढली असेल तर आजच बसवून घ्यावी. गुणगुणीवर उपाय म्हणून प्रकाशाची तार वापरावी. तिच्यात धातूच नाही, तेव्हा विजेला एका यंत्रातून दुसऱ्यात शिरण्यास त्या वाटेने रस्ता उरत नाही. हेडफोनचीच वाट वापरणे भाग असेल तर मध्ये घालावयाचे लहान आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतात, आणि तेही न जमल्यास टी. व्ही., बॉक्स व अँप्लिफायर या तिघांचे प्लग एकाच तीन-पिनी पट्टीत खोचून पाहावेत. पुष्कळ घरांत तेवढ्यानेही गुणगुण बरीच उतरते.